लिंकांचे कंट्रोलर

'इथे क्लिक करा' हे तीन शब्द दिसले की कंट्रोलरसाहेबांचं डोकं फिरायचं.

"गाडीला पाटी कसली असते गो? महाड-उमरठ. का 'इथे बसा' अशी पाटी असते? बसणाऱ्याला कळायला नको, कुठं जाणार ते?"

मी मुकाट्यानं ते तीन शब्द खोडायचे आणि त्या जागी 'उमरठच्या शाळेचं रजिस्टर' असं लिहायचे. मग ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, माउस स्वतःच्या हातात घ्यायचे, त्या अक्षरांवर एकदा दाबायचे आणि पान उघडलं की मान हलवून पुढच्या टेबलाकडे जायचे. पुढचं टेबल त्यांचंच होतं. ऑफिसात टेबलं दोनच होती.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी महाडच्या आणि पोलादपूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल आणि कधी सुटेल हे कर्ण्यातून सांगणारा जो माणूस असतो, तो. माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नव्हता. आमच्या ऑफिसात फोन केलेल्या माणसाला वाटायचं, चुकून स्टँडवर लागला. पांढरा हाफशर्ट, खिशात एक निळं पेन आणि एक लाल. लाल फक्त रद्द झालेल्या गाड्यांसाठी. चहा बशीतून. डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकट, आणि त्या सुकटीचा वास माझ्या त्या वेळच्या कीबोर्डला अजूनही येत असेल. मी महाड शहरातली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, जरा नाकानं कांदे सोलणारी. मला वाटलं, संस्थेच्या सचिवांनी ओळखीतल्या म्हाताऱ्याला बसायला खुर्ची दिली आहे. माणूस ओळखण्यात इतकी मोठी चूक मी पुन्हा केलेली नाही.

आमची संस्था छोटी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं, म्हणजे पोर शाळेत घातलं की ज्यात त्याचं नाव चढतं ती जाडजूड वही, शाळांच्या परवानगीनं तपासायची आणि कुणाचं नाव कुठल्या शाळेच्या कितव्या पानावर आहे त्याची यादी वेबसाइटवर टाकायची, एवढंच काम. एवढंच म्हणते, पण जातीच्या दाखल्याची पडताळणी ज्यांच्या घरात झाली आहे त्यांना विचारा. आजोबांची शाळेतली नोंद लागते. निम्मं घर मुंबईला. कुणीतरी रजा काढून गावी येतं, शाळेत जातं आणि तिथं विचारतात, साल कुठलं, पान कितवं? ते कुणाला ठाऊक असतं? आमच्या साइटवरून पान नंबर घेऊन गेलं की मुख्याध्यापक उतारा लिहून देत. नाहीतर वर्ष वाया.

कंट्रोलरसाहेबांना सचिवांनी घेतलं ते वाड्यावाड्यांचे रस्ते पाठ म्हणून. रजिस्टरांसाठी कुठं कुणाला भेटायचं ते सांगायचं, बस्स. पण आठवड्याभरात ते माझ्या पाठीमागे उभे राहून मी काय करते ते बघायला लागले आणि मग तिथून हललेच नाहीत.

आता जरा यंत्राचं सांगते, थोडक्यात. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यासाठी लिंक घालायची तर आमच्या सिस्टीममध्ये दोन वाटा होत्या. एक, त्या पानाचा वरच्या पट्टीतला पत्ता उचलायचा आणि चिकटवायचा. दुसरी, 'पान निवडा' हे बटण दाबून यादीतून ते पान शोधायचं. दुसऱ्या वाटेनं गेलं की सिस्टीम पानाचा कायमचा नंबर लक्षात ठेवते आणि पत्ता दर वेळी स्वतःच तयार करते. उद्या पानाचं नाव बदलो, जागा बदलो, लिंक बरोबर जाते. चिकटवलेला पत्ता मात्र जिथल्या तिथं राहतो. पहिली वाट दोन सेकंदांची, दुसरी अर्ध्या मिनिटाची. मी अर्थातच पहिल्या वाटेची.

"पाटी डेपोकडून घ्यायची," ते म्हणायचे. "आपण खडूनं लिहायची नाय."

मी हो म्हणायचे आणि त्यांची पाठ वळली की चिकटवायचे.

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक गावाला एक बौद्धवाडी आहे. साहेब स्वतः दासगावच्या पलीकडल्या एका गावातल्या बौद्धवाडीचे. सिस्टीम पानाच्या नावावरून पत्ता बनवायची, आणि नाव तेच आलं की मागे आकडा लावायची. बौद्धवाडी, बौद्धवाडी-दोन, बौद्धवाडी-तीन. स्वतःच्या वाडीचा पत्ता बघून ते हबकलेच.

"आमची वाडी अकरावी? पहिली कोण? आणि कुणी ठरवलं?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. एकदा एक पान दोनदा झालं म्हणून मी त्यातलं एक उडवलं. त्याचा आकडा मोकळा झाला आणि पुढे दुसऱ्याच गावच्या बौद्धवाडीचं नवं पान आलं, त्याला सिस्टीमनं तोच आकडा देऊन टाकला. माझी चिकटवलेली लिंक जुन्या आकड्याकडेच बोट दाखवत राहिली. लिंक तुटली असती तर निदान कळलं असतं. ती चालत होती.

दासगाव बाजूची एक बाई त्या लिंकवरून गेली. पान उघडलं, वर बौद्धवाडी लिहिलेलं, खाली शाळेचं नाव. ती दोन गाड्या बदलून पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्या शाळेत पोचली. मुख्याध्यापकांनी अख्खं रजिस्टर उलटंपालटं केलं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात.

"तुमच्यात लिवलंय त्या साळंत माजा सासरा कदी गेलाच नाय गो. मी तितं दिसभर बसून ऱ्हायले. पोरीचं काम अडलंय माज्या."

मी खाली बघत बसले. साहेबांनी माझी स्क्रीन बघितली आणि लाल पेन काढून वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना चहा दिला. चहा संपल्यावर मला म्हणाले, "बाय, चप्पल घाल."

"कुठं?"

"आपण गाडी चुकीची सोडली. पॅसेंजरला आपणच नेऊन सोडायचं."

त्याच पावली आम्ही तिघं दासगावच्या गाडीत बसलो. बरोबर शाळा, बरोबर रजिस्टर, सासऱ्यांचं नाव निळ्या शाईत. उतारा हातात पडल्यावर त्या बाईंनी तो पदरानं पुसला, जसं काही त्याला धूळ लागली होती.

परतीच्या गाडीत त्यांनी मला बेंजोचं सांगितलं. नोकरीला नवे होते. एक बेंजो पार्टी ढोल-ताशे, कीबोर्ड घेऊन स्टँडवर आली आणि बौद्धवाडीची गाडी कुठली म्हणून विचारलं. यांनी ऐटीत फलाट दाखवला. कुठल्या गावची बौद्धवाडी, ते विचारलंच नाही. पार्टी एका खोऱ्यात, लग्न दुसऱ्या खोऱ्यात. वऱ्हाडानं ताटं वाजवून वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात साहेबांनी रजा टाकली, तीच पार्टी गाठली, बरोबर गाडीत बसवली आणि नवराबायकोच्या दारासमोर सकाळी दहाला बेंजो सुरू केला.

"नवरी भांडी घासत होती," ते म्हणाले. "राखेच्या हातानं नाचली गो!"

अख्ख्या गाडीनं वळून बघितलं एवढ्या मोठ्यानं ते हसले. त्या दिवसानंतर मी एकही पत्ता हातानं चिकटवलेला नाही. आज पुण्यात मोठ्या कंपनीत बसते, हाताखाली माणसं आहेत, आणि त्यांनी चिकटवलेलं दिसलं की माझ्या तोंडून खडूचंच वाक्य बाहेर पडतं.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. दर सोमवारी सकाळी ते साइटवरच्या एका तालुक्याच्या सगळ्या लिंका एकेक करून दाबायचे, आणि दाबताना पुकारायचे. "वरंधकडं जाणारी... पोचली." निळी खूण. पान नाही उघडलं की "रद्द", आणि लाल. पान सापडत नाही तेव्हा जी पाटी येते, तिच्यावर सिस्टीमनं इंग्रजीत काहीतरी कोरडं लिहिलेलं होतं. त्यांनी ते माझ्याकडून बदलून घेतलं: 'हे पान इथं नाही. चूक आमची आहे. फोन करा.' खाली स्वतःचा मोबाइल नंबर. मी म्हटलं, साहेब, जगात कुणी असं करत नाही. ते म्हणाले, जगात कंट्रोलरची खोलीपण फलाटावरच असते, लपून कुठं बसणार? मग भाकरीचा घास तोंडात असताना मुंबईहून फोन यायचे आणि ते घास तसाच ठेवून माणसाला पानापर्यंत नेऊन सोडायचे.

आणि त्यांच्या पाट्या. पानाचं नाव बदलतं, कायमचा नंबर बदलत नाही, आणि साइटच्या नावापुढे नुसता तो नंबर टाकला तरी पान उघडतं, हे एकदा डोक्यात बसल्यावर त्यांनी पत्र्याच्या छोट्या पाट्या कापून घेतल्या. डेपोतल्या पेंटरकडून कधीकाळी शिकलेल्या हातानं पिवळ्यावर काळ्या ऑइलपेंटमध्ये प्रत्येक वाडीच्या पानाचा पत्ता रंगवला. साइटचं नाव बारीक, शेवटचा नंबर हा एवढा मोठा. मग स्वतः जाऊन त्या ठोकल्या. कुठं विहारात, कुठं समाजमंदिराच्या व्हरांड्यात, कुठं चक्कीच्या दारावर. ठोकून झालं की जमलेल्या माणसांना सांगायचे, "मोबाइलवर हे टाका, तुमच्याच वाडीची नावं येतील. ही पाटी खोटी पडणार नाय. माझा शब्द हाय."

आणि मग नवी सिस्टीम आली.

जुनी खरंच थकली होती. सचिवांनी पुण्याच्या एका होतकरू मुलाकडून नवी करून घेतली. देखणी झाली होती. मुंबईचे पाहुणे ठरले, महाडात हॉल ठरला, निमंत्रणं छापली. चाचणीसाठी नवी साइट आम्हाला उघडून दिली तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर उमरठच्या पाटीवरचा नंबर टाकला.

वरंध उघडलं.

दुसरा टाकला, तिसरा टाकला. प्रत्येक नंबरावर भलतीच वाडी. नव्या सिस्टीमनं सगळ्या पानांना आपल्या मनानं नवे नंबर दिले होते. त्यांनी माउस बाजूला सारला. मग म्हणाले, "बंद पडलेली गाडी परवडली. माणूस घरी तरी जातो."

पुण्याला फोन लावला. मुलगा नम्र होता. "काका, जुने नंबर ठेवता येत नाहीत. ही सिस्टीम स्वतःचेच देते."

"नको ठेवूस. पण फलाट बदलला की आम्ही काय करायचो माहिताय? जुन्या फलाटावर माणूस उभा करायचो. येणाऱ्याला सांगायला, गाडी तिकडं लागलीय. तसा माणूस उभा करता येतो का तुला?"

"येतो, काका. पण मला यादी लागेल. कुठला जुना नंबर म्हणजे कुठला नवा. आणि तुमच्याकडे नावं इतकी सारखी आहेत की ती मशीनला जुळवता येणार नाहीत."

"माणसाला येईल," साहेब म्हणाले.

सचिव मनानं चांगले, पण तारखेला बांधलेले. ते म्हणाले, "उद्घाटन उरकू. यादी मागाहून करू सावकाश. महिनाभरानं काय बिघडतं?"

साहेब उभे राहिले. कर्ण्याचा आवाज नव्हता तो, अगदी हळू बोलले. "सर, मंग मला आधी माझ्या पाट्या काढून आणू द्या. समद्या वाड्या फिरतो, खिळे काढतो, मंग तुम्ही खुशाल उघडा. पण पाटी भिंतीवर असताना मी चुकीची गाडी सोडणार नाय. आमच्या लोकांत पयल्यांदा जे साळंत गेले, त्यांची नावं हायत ती. त्यांच्या नातवंडांना दुसऱ्याच्या दारात उभं करू?"

आणि ऑफिसची चावी काढून टेबलावर ठेवली.

मला तोंड उघडायची सवय नव्हती. तरी मी उठले आणि म्हणाले, "सर, मीपण." माझ्याकडे चावी नव्हती, म्हणून नुसतीच उभी राहिले.

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आठ दिवस देतो. नवव्या दिवशी उद्घाटन. ते हलणार नाही."

सात दिवस आम्ही दोघं यादी जुळवत होतो. ते वहीतून जुना नंबर पुकारायचे, मी नवी साइट उघडून नावं वाचायचे, आणि दोन-तीन आडनावं ऐकली की ते सांगायचे, "ही ओढ्याच्या अलीकडची. लिही." मशीनला जे जमलं नसतं ते हा माणूस डोळे मिटून करत होता. माझ्या आयुष्यात मी खूप हुशार माणसं बघितली, पण इतक्या अभिमानानं मी दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसलेली नाही.

आठव्या दिवशी पहाटे पुण्याच्या मुलानं यादीसकट नवी साइट जुन्या पत्त्यावर चढवली, आणि मग तपासणी. ऑफिसात बसून दाबलेलं त्यांना चालणार नव्हतं. "पाटीखाली उभं राहून उघडली तर खरी." त्यांनी महाड आणि पोलादपूरच्या ओळखीच्या कंडक्टरांना कामाला लावलं. गाडी गावात पोचली की पाटी गाठायची, नंबर मोबाइलवर टाकायचा आणि काय उघडलं ते कळवायचं. रेंज नसेल तिथं पाटीचा फोटो काढून घाटाच्या वळणावर येऊन उघडायचं. सकाळपासून फोन सुरू झाले. "उमरठ, पोचली!" साहेब खुर्चीतून पुकारत होते आणि निळ्या खुणा करत होते. रस्त्यावरची माणसं दारात थांबून ऐकायला लागली.

वरंधच्या कंडक्टरचा फोन दुपारी आला. "पोचली, साहेब. बौद्धवाडी लिहून आलंय." निळी खूण. पाच मिनिटांनी त्याचाच पुन्हा फोन. "साहेब, इथं एक आजी हायेत. त्या ऐकत नाहीत. बोला तुम्हीच."

आजींचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. "अरे बाबा, ह्या पोरानं समदी नावं वाचून दावली. ह्यात आमच्यातलं येक बी नाव नाय! माजा दीर शिकल्याला माणूस, त्याचं नाव नाय? हे दुसऱ्यांचं हाय."

मोबाइलवर 'बौद्धवाडी' मोठ्या अक्षरांत यायचं, गावाचं नाव खाली बारीक. कंडक्टरनं मोठं वाचलं होतं. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू आजी समोरच होत्या. "आजी, तुमचं खरं. चूक आमची हाय."

यादीत दोन ओळी उलटसुलट झाल्या होत्या. टाइप मी केल्या होत्या. पुण्याच्या मुलानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं, मी दाबून बघितलं, बरोबर आलं. माझ्या मते काम संपलं होतं. साहेबांनी निळ्या खुणेवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "उद्या पयल्या गाडीनं जातो."

"साहेब, उद्या अकराला उद्घाटन आहे. तुमचा सत्कार आहे. सरांनी स्वतः नाव घातलंय यादीत."

"आजींना चुकीची गाडी दिली गो आपण," ते म्हणाले, आणि छत्री शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचं भाषण झालं आणि माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. मी खाली वाकून कानाला लावला.

"बाय, पाटीखाली उभा हाय. नंबर आजींनी टाकला. मी हात लावला नाय." आणि मग फोन कुणीतरी ओढून घेतला. "आलं गो! दिराचं आलं. आणि ह्या बाबानं वाचून दावलं, त्याच्या खाली माज्या नवऱ्याचं बी नाव हाय! दोन वर्सं गेलते म्हनं साळंत. जल्मात कदी बोलले नायत मला." पुढे त्या काय म्हणाल्या ते मला समजलं नाही, कारण त्या रडत होत्या आणि मीही रडत होते.

व्यासपीठावर सचिवांनी शाल हातात घेतली आणि साहेबांचं नाव पुकारलं. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. माणसं माना वळवून बघायला लागली. मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं बोलले.

"सर, ते वरंधला आहेत. ड्युटीवर."

कुणीतरी हसलं. सचिव हसले नाहीत. त्यांनी शालीची घडी पुन्हा नीट केली, पाहुण्यांकडे वळले आणि माइक सुरू आहे हे विसरून म्हणाले, "परतीची गाडी तासाभरात येईल. थांबू या आपण."